पुनर्विकासाच्या यादीत किरायेदाराचंही नाव लिहा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपुरातल्या जुन्या सरकारी गृहनिर्माण वसाहतींच्या पुनर्विकासावर आपल्या शहर पुरवणीत नुकताच पानभर मजकूर आला. त्यात वास्तुविशारद बोलले, बांधकाम व्यावसायिक बोलले, एका वसाहतीचे अध्यक्षही बोलले. मजकूर माहितीचा होता. पण या वसाहतींत किरायाने राहणारी जी माणसं आहेत, त्यांच्यापैकी एकही त्या पानावर नव्हतं. त्यांचं पुढे काय होणार, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी अशाच एका वसाहतीत राहते, मेडिकल चौकापासून फार लांब नाही. वसाहतीचं नाव देत नाही, कारण सभा सुरू आहेत आणि शेजाऱ्यांमध्ये आधीच पुरेशी तेढ आहे. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. त्यांना हा तळमजल्याचा गाळा, म्हणजे आमचं राहतं घर, भाडेखरेदीवर मिळाला. हप्ते फिटून कागद हातात येईस्तोवर त्यांची नोकरी संपत आली होती. नंतर आम्ही समोरच्या बाजूला एक खोली काढली. तिथे माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको आणि जून महिन्यात शाळेचे गणवेश. म्हणजे मी मालक आहे, आणि पुनर्विकास नीट झाला तर त्यात माझा फायदाच आहे. तरीही जे चाललं आहे ते मला बघवत नाही.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. आमच्या जिन्याच्या स्लॅबमधून सळया दिसतात. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पोपडे पडतात, आणि खाली गटाराचं पाणी मागच्या अंगणात येतं. संडासाची लाइन इतक्या वेळा दुरुस्त झाली की प्लंबरला आता विचारावं लागत नाही, तो सरळ फावडं घेऊन मागे जातो. अशा इमारती कधी ना कधी पाडाव्याच लागतील.

पण बिल्डर लोकांना आमच्या सळया आजच दिसल्या, असं नाही. मेट्रो आली. तिच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत वाढीव एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकाम, देण्याचं धोरण आलं. त्यानंतर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. दोन-तीन मजल्यांच्या आमच्यासारख्या पसरलेल्या वसाहतींची जमीन त्यामुळे एकदम मोलाची झाली. आमची इमारत मोडकळीला आली आहे आणि आमची जमीन महागली आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सभेत मात्र पहिलीच बोलली जाते.

संमतीचा फॉर्म घेऊन दोन मुलं घरोघर आली, तेव्हा मी दुकानातच होते. मशीन थांबवून फॉर्म वाचला. नव्या घराचं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) किती, ती जागा कोरी. बांधकाम होईपर्यंत दरमहा किती किराया देणार, तीही जागा कोरी. मुदतीपुढे ‘अंदाजे’ एवढाच शब्द. सही, आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर यांच्या चौकटी मात्र ठळक. मी विचारलं, कोऱ्या जागा कधी भरणार? तर म्हणे, ‘ताई, आधी संमती, मग आकडे.’ मी सही केली नाही. आमच्या ओळीत बऱ्याच जणांनी केली. कारण मुलांच्या हातात शेजाऱ्यांच्या सह्यांचा गठ्ठा होता, आणि आपणच मागे राहू अशी भीती प्रत्येकाला वाटते.

ही मुलं वरच्या मजल्यावर गेलीच नाहीत. माझ्या बरोबर डोक्यावरच्या गाळ्यात एक वहिनी राहतात. मेडिकलमध्ये भरती असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आणि आसपासच्या मुलांना त्या जेवणाचे डबे देतात. पहाटे पाचला त्यांच्या लाटण्याचा आवाज माझ्या छताला येतो. त्यांचे मिस्टर रात्रपाळीचे सिक्युरिटी गार्ड आहेत. धाकटा मुलगा दहावीत आहे, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. गाळ्याचे मालक पुण्याला असतात. त्यांनी संमतीपत्र फोनवरच भरून पाठवलं. वहिनींना हे माझ्याकडून कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही जी.’

पुढचा हिशेब सांगते. इमारत रिकामी करायची वेळ आली की पुण्याच्या मालकांना नव्या फ्लॅटची हमी मिळेल. बांधकाम चालेल तोवर दरमहा किरायाचे पैसे मिळतील. सामान हलवायचा खर्च मिळेल. ते सामान त्यांचं नाहीच. वहिनींना एका महिन्याची नोटीस मिळेल. नवीन घर बघायचं तर शहराच्या कडेला, बेसा, पिपळा, हुडकेश्वरच्या बाजूला जावं लागेल. तिथून मेडिकलला गरम डबा वेळेवर कसा पोचणार? दोन खोल्यांचा किराया वाढेल, डिपॉझिट वेगळं, आणि डब्याचं जे गिऱ्हाईक त्यांनी एकेक करून जोडलं, ते इथेच राहून जाईल. घर बदललं की त्यांचा धंदाच बंद पडतो. ज्यांच्या नावाने हलवाहलवीचे पैसे निघतात त्यांना हलायचंच नाही, आणि ज्यांना हलायचं आहे त्यांना एक रुपया नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि मालक असूनही मी ते सभेत उठून बोलले.

सभेत उत्तर मिळालं की किरायेदार हा मालकाचा खासगी प्रश्न आहे, सोसायटीचा नाही. कायद्याच्या कागदावर बघितलं तर ते पुष्कळसं तसंच आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाचे निर्देश काढले. विशेष सभेला दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, हवी, आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. २००९ च्या निर्देशांत गणपूर्तीची अट तीन-चतुर्थांशाची होती. सभेचं व्हिडिओ चित्रण, सहकार खात्याच्या निबंधकांचा प्रतिनिधी, विकासकाची प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी, नोंदणीकृत करार, दोन आणि फार तर तीन वर्षांची मुदत, हे सगळं त्यात आहे. चांगलं आहे. पण न्यायालयांनी काही निकालांत हे निर्देश मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत, असंही म्हटलं आहे. तेव्हा जे हवं ते करारातच लिहून घेतलेलं बरं. आणि या सगळ्या व्यवस्थेत बोलणारा, मत देणारा माणूस एकच: सभासद. जो त्या घरात राहतो पण सभासद नाही, त्याच्यासाठी तिथे खुर्ची नाही.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूंना थोडं संरक्षण आहे. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून घर रिकामं करून घेतलं, तर नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क त्यांना ठेवला आहे. पण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला तो लागू होत नाही. आजकाल बहुतेक सगळे करार अकरा महिन्यांचेच होतात. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, ही जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. वहिनींचा पहिला करार झाला, तो संपला, मग दरवर्षी किराया वाढत गेला आणि कागद मात्र पुन्हा झाला नाही. आमच्या वसाहतीत अशी घरं बरीच आहेत. किराया घ्यायला सगळे तयार, नोंदणीच्या खर्चाला कोणी तयार नाही.

आता मालकांमध्येही सगळे सारखे नाहीत. आमच्या मागच्या ओळीत एक काका आहेत. त्यांनी मूळ गाळेधारकाकडून फार वर्षांपूर्वी बयाणा देऊन, मुखत्यारपत्र करून घर घेतलं. पूर्ण पैसे दिले, घरपट्टी भरली, विजेचं बिल त्यांच्या नावावर आहे. गाळा नावावर करून घेण्याची फी आणि खेटे टाळायचे म्हणून तेव्हा अशीच पद्धत होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसत्या मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही. त्यानंतर त्यांनी धावपळ केली, पण मूळ गाळेधारक वारले होते. आता पुनर्विकासाची बातमी लागल्यावर त्या कुटुंबाचे वारस एक दिवस येऊन घर बघून गेले. काकांनी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून काका मला विचारत होते की सभासदांच्या यादीत आपलं नाव येईल का. कुलूप-किल्ली त्यांच्याकडे आहे, सही करायचा अधिकार कोणाकडे आहे हे त्यांना माहीत नाही. संमतीचे फॉर्म फिरवण्याआधी अशा घरांचे कागद दुरुस्त करायला एक शिबिर लावावं, एवढंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

माझी भाची लंडनमध्ये नर्स आहे. दक्षिण लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात ती राहते. आमच्या फॉर्मची गोष्ट तिला व्हिडिओ कॉलवर सांगितली, तर म्हणाली, ‘मावशी, हे सगळं इथे होऊन गेलंय.’ तिथे नगरपालिकेने बांधलेल्या मोठ्या वसाहती आहेत. १९८० च्या कायद्याने तिथल्या किरायेदारांना आपलं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. त्यामुळे एकाच जिन्यावर एक घर किरायाचं, एक मालकीचं, अगदी आपल्यासारखं. तिच्या घराजवळ हेगेट नावाची वसाहत होती, जवळजवळ बाराशे घरांची. ती पाडली. मंजूर झालेल्या नव्या आराखड्यात सुमारे अडीच हजार घरं होती, पण जुन्या स्वस्त दराच्या किरायाची घरं त्यात शंभरसुद्धा नव्हती. किरायेदार पांगले. ज्यांनी घर विकत घेतलं होतं त्यांनाही मिळालेल्या पैशात त्या भागात दुसरं घर घेता आलं नाही. तेही शहराच्या कडेला गेले. मालक झालो म्हणजे वाचलो, असं तिथेही झालं नाही.

पण त्यातून ते काहीतरी शिकलेही. २०१८ पासून लंडनच्या महापौरांनी नियम केला. महापौरांच्या निधीतून होणाऱ्या, १५० किंवा त्याहून जास्त नवी घरं असलेल्या योजनेत लोकांची घरं पाडायची असतील, तर आधी रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं. त्यात नगरपालिकेचा किरायेदार मत देतो. तिथे वर्षभर तरी स्वतः राहणारा मालक मत देतो. घर किरायाने देऊन दुसरीकडे राहणाऱ्या मालकाला मत नाही. खासगी मालकाकडे किरायाने राहणाऱ्यालाही सरसकट मत नाही. नगरपालिकेच्या घरांच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव वर्षभर असावं लागतं. म्हणजे तिथेही सगळं साधलं असं नाही. तरी तिथे मत आहे ते राहणाऱ्या माणसाला. आमच्याकडे पुण्याहून फोनवर आलेली सही मोजली गेली, आणि तिथेच राहणाऱ्या वहिनींच्या दारावर कोणी थापसुद्धा मारली नाही.

लंडन लांब आहे असं कोणी म्हणेल, तर आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं देते. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं होती. २००८ मध्ये करार झाला, लोकांनी घरं सोडली, मग काम रखडलं आणि किरायाचे पैसेही थांबले. दशकभराहून जास्त काळ ती माणसं किरायाच्या घरांतून फिरत राहिली. कित्येक म्हातारी माणसं नव्या घरात पाऊल न टाकताच गेली. दुसरीकडे वरळीची बीडीडी चाळ. तिथले रहिवासी सरकारचे किरायेदारच होते. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर ठरलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. किरायेदाराला हिशेबात धरूनही पुनर्विकास होतो, हे तिथे दिसलं. फरक एवढाच की तिथे तो सरकारचा किरायेदार होता, इथे पुण्याच्या मालकाचा आहे.

मालकांचं काय, हेही लिहायला हवं, कारण सभेत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त नवा हॉल आणि मॉड्युलर किचन आहे. माझी पुढची खोली मूळ नकाशात नाही, म्हणून ती मोजणार नाहीत. ठीक आहे, ती आम्ही विचारून काढली नव्हती. पण माझी कमाई त्याच खोलीत आहे. सातव्या मजल्यावर ब्लाउजचं माप द्यायला कोण चढेल? वसाहतीत असे किती धंदे तळमजल्यावर चालतात ते मोजा: इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, दोन शिकवण्या, एक पाळणाघर. नव्या इमारतीच्या नकाशात खाली मोटारींचं पार्किंग आहे, यांच्यापैकी कोणालाच जागा नाही.

आणि मेंटेनन्स. आज आम्ही महिन्याला नावापुरती वर्गणी देतो, तीसुद्धा काही जण देत नाहीत. टॉवर झाला की लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन, अग्निशमन यंत्रणा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वीज गेली की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? कुलर ठेवायला खिडकीबाहेर जागा आहे का, त्यात पाणी भरायची सोय आहे का, हे मी विचारलं तेव्हा नकाशा दाखवणाऱ्या मुलाने एसीच्या युनिटची जागा दाखवली. आमच्या ओळीत मिलचे पेन्शनर आहेत, विधवा बाया आहेत. घर मोठं मिळेल, पण मेंटेनन्स आणि एसीचं बिल झेपलं नाही म्हणून पाच वर्षांत ते विकून निघून जातील. मग पुनर्विकास कोणासाठी केला? विकासकाने सोसायटीच्या नावाने ठेवायचा कॉर्पस फंड किती, त्याच्या व्याजातून किती वर्षं खर्च भागेल, हे संमतीच्या आधी आकड्यांत सांगितलं पाहिजे.

माझं मागणं सरळ आहे. संमतीचे फॉर्म फिरण्याच्या आधी वसाहतीतल्या प्रत्येक दाराची नोंद व्हावी. मालक कोण, राहतं कोण, कधीपासून, कोणत्या कागदावर, मुलं कोणत्या शाळेत, घरात धंदा कोणता. ही यादी सोसायटीच्या फलकावर मराठीत लागावी आणि तिच्यावर हरकती घ्याव्यात. मालकाला जो हलवाहलवीचा खर्च मिळतो, तो प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती जावा. घर रिकामं करायची तारीख शाळेचं वर्ष संपल्यावरची असावी, आणि नोटीस किमान सहा महिन्यांची. विकासकाला जी जास्तीची घरं विकायला मिळतात, त्यातली काही लहान घरं किरायासाठी राखून ठेवावीत आणि जुन्या किरायेदारांना ती आधी विचारावीत. तळमजल्यावर ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी खालीच दुकानाचे छोटे गाळे काढावेत, हवं तर किरायाने द्यावेत, आम्ही भरू. आणि बांधकाम सुरू असतानाचा किराया महिन्या-महिन्याला विकासकाच्या मर्जीवर न ठेवता निदान वर्षभराचा आगाऊ बँकेत ठेवून घ्यावा. पत्राचाळीनंतर हे तरी कोणाला समजवावं लागू नये.

आमचे काही मालक शेजारी म्हणतात, किरायेदारांना आत घेतलं तर ते हक्क सांगतील आणि सगळं काम अडेल. ही भीती मी समजू शकते. काहींनी घर किरायाने देऊन वाईट अनुभव घेतले आहेत. पण मालकी मागायला कोणी निघालेलं नाही. वहिनींना माझा गाळा नको, पुण्यावाल्यांचाही नको. मुलाची दहावी इथे व्हावी आणि डबे पोचवता येतील इतक्या अंतरावर झेपेल अशी खोली मिळावी, इतकंच त्यांना हवं आहे. हे ऐकून घ्यायला एक सभा लागते, तिने काम अडत नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या समाजभवनात पुन्हा सभा आहे. आम्ही काही मालक मिळून वरच्या मागण्यांचा ठराव मांडणार आहोत आणि किरायेदार कुटुंबांना सभेत बसू द्यावं असं अध्यक्षांना लेखी कळवलं आहे. नागपुरात एखाद्या वसाहतीने विकासकाच्या करारात किरायेदारांसाठी एखादं कलम घालून घेतलं असेल, तर त्यांनी ते आपल्या याच सदरात छापायला द्यावं. रविवारच्या आधी मिळालं तर आमच्या ठरावात तसंच्या तसं उतरवून घेऊ.

आपली वाचक,
शिवणकाम करणारी एक गाळेधारक,
दक्षिण नागपूर